लेकाच्या ताटाशेजारी बसताना

साताऱ्यात पळणाऱ्या पोरांचं कौतुक मोठं. पावसाळ्यात यवतेश्वरच्या घाटात पहाटेपासून मुलं पळताना दिसतात, आणि हिल मॅरेथॉन जवळ आली की रस्ता नुसता फुललेला असतो. माझा धाकटा अकरावीत गेला आणि त्यांच्यात सामील झाला, तेव्हा घरात सगळ्यांनाच बरं वाटलं. दहावीचं अख्खं वर्ष मान खाली घालून गेलं होतं, आता जरा मोकळी हवा मिळेल, भूक लागेल, झोप येईल.

आधी त्याने साखर सोडली. मग तळलेलं. मग तूप, मग भात. संकष्टी तो आजीबरोबर लहानपणापासून करायचाच, त्यात सोमवार आला, पाठोपाठ दोन्ही एकादश्या. उपवासालाही खिचडी नको, ताक आणि एखादं फळ पुरे. सासूबाई देवळात चार जणींना सांगायच्या, आजकालची पोरं एवढं कुठं करतात! शेजारी, कॉलेजचे सर, पळण्याच्या ग्रुपमधले मोठे लोक, सगळे त्याच्या शिस्तीचं नाव काढायचे. मुलगी असती तर कुणीतरी ‘अगं, किती वाळलीस’ म्हणून हटकलं असतं. मुलगा वाळला की त्याला फिट म्हणतात.

हे सगळं त्याला विचारून लिहिते आहे. तो आता पदवीच्या पहिल्या वर्षाला आहे. मजकूर त्याने वाचला, काही ठिकाणी दुरुस्त केला. नाव लिहायचं नाही ही त्याची अट. वजनाचे आणि कॅलरीचे आकडे लिहायचे नाहीत ही माझी. खाणं तोडायला लावणाऱ्या या आजारातल्या मुलाला दुसऱ्या कुणाचा आकडा दिसला की त्याला त्याच्याही खाली जावंसं वाटतं, हे मी जवळून पाहिलं आहे.

वर्ष संपता संपता तो वेगळाच मुलगा झाला होता. हात सतत गारठलेले, नखं निळसर, उन्हाळा लागला तरी अंगात जॅकेट. पाठीवर बारीक लव उगवली होती. लाकडी खुर्चीत बसायचं तर हाडं टोचतात म्हणून उशी घ्यायचा. मित्रांकडे जाणं बंद, कारण कुणाकडे गेलं की खायला देतात. आणि तरीही तो तासन्‌तास स्वयंपाकघरात असायचा. मोबाइलवर एकामागून एक पाककृती बघायचा. २०२३च्या होळीला पुरणपोळ्या त्याने केल्या. डाळ शिजवण्यापासून पुरण वाटण्यापर्यंत सगळं स्वतः. सगळ्यांना गरम गरम वाढल्या, ‘बाबा, अजून एक घ्या ना’ असा आग्रह केला, आणि स्वतः वाटीभर कटाची आमटी पिऊन उठला.

मदत शोधायला आम्ही बाहेर पडलो होतो, पण जायचं कुणाकडे? फॅमिली डॉक्टरांनी भुकेचं टॉनिक आणि जंताचं औषध दिलं. पोटाच्या तज्ज्ञांनी दुर्बिणीतून तपासलं, पोटात काही नाही. रक्ताचे रिपोर्ट आले तेही बरे. ते कागद हातात घेऊन तो म्हणाला, ‘बघ आई, मला काहीही झालेलं नाही.’ एका आहारतज्ज्ञांनी खेळाडूंसाठीचा तक्ता दिला, त्यात भात कमी, तेल मोजून. तो तक्ता त्याने कपाटाच्या दारावर चिकटवला आणि त्यातलं जे ‘कमी’ होतं तेवढंच पाळलं. नातेवाइकांचं वेगळं. कुणी म्हणे दृष्ट काढा, कुणी म्हणे कुठल्यातरी मुलीचं प्रकरण असेल. दृष्टही काढली सासूबाईंनी.

शेवटी त्याला लहानपणी लशी देणाऱ्या बालरोगतज्ज्ञांकडे गेलो. एवढा मिसरूड फुटलेला मुलगा तिथे चिमुकल्यांच्या रांगेत बसला. अठरापर्यंतची मुलं बालरोगतज्ज्ञांनीच बघायची असतात, हे आपल्याकडे फारसं कुणाच्या लक्षात येत नाही.

डॉक्टरांनी त्याला टेबलावर आडवं केलं आणि पाच मिनिटं तसंच राहू दिलं. नाडी मोजली, रक्तदाब घेतला. मग उभं केलं आणि पुन्हा दोन्ही मोजलं. अंगाचा ताप बघतात तसं तापमान घेतलं, ते नेहमीपेक्षा कमी. मग ईसीजी. आडवा असताना नाडी मिनिटाला पन्नासच्या खाली होती आणि उभा राहिल्याबरोबर धाडकन वर गेली. ह्यांनी विचारलं, ‘पळणाऱ्यांची नाडी हळू असतेच ना?’ डॉक्टर म्हणाले, ‘असते. पण धडधाकट खेळाडू नुसता उभा राहिला तर त्याची नाडी अशी उसळत नाही. हे शरीर उपाशी आहे. त्याने हृदयापासून सगळीकडे काटकसर सुरू केली आहे.’

याआधी त्याची नाडी उभं करून कुणीच मोजली नव्हती. पाच-दहा मिनिटांचं काम, साधन काही लागत नाही. रक्ताचे रिपोर्ट या आजारात बराच काळ चांगले येऊ शकतात आणि मूल तरीही धोक्यात असू शकतं, हेही तिथेच कळलं.

अ‍ॅनोरेक्सिया, म्हणजे वजन वाढण्याच्या धास्तीने माणूस खाणंच तोडत जातो तो मनाचा आजार. हे नाव त्या दिवशी पहिल्यांदा आमच्या घराला लागू झालं. मी विचारलं, हा मुलींचा आजार ना? डॉक्टर म्हणाले, मुलींमध्ये जास्त दिसतो, पण मुलांना होतो, आणि मुलांचा उशिरा कळतो. अमेरिकेतली मानसोपचारतज्ज्ञांची निदानाची जी पुस्तिका जगभर वापरतात, तिच्यात २०१३ सालापर्यंत या आजाराच्या निकषांत पाळी बंद होणं हाही एक निकष होता. मग डॉक्टरांच्या डोळ्यांपुढे मुलगीच उभी राहणार. त्यांनी पुण्याच्या हॉस्पिटलसाठी चिठ्ठी लिहिली आणि म्हणाले, ‘पुढच्या आठवड्यात बघू असं करू नका. उद्या सकाळी निघा.’

त्या रात्री मुलाने खोलीला आतून कडी लावली. येणार नाही म्हणाला. ओढून नेलंत तर गाडीतून उडी मारीन म्हणाला. अशा वेळी कुणाला फोन करायचा? रात्रीचे साडेअकरा वाजले होते. माझ्या पतसंस्थेत भिंतीवर टेलिमानसचं पोस्टर लावलेलं होतं, त्यावरचा नंबर सोपा म्हणून लक्षात राहिला होता: १४४१६. मानसिक त्रासात फोनवर मदत देणारी केंद्र सरकारची ही सेवा १० ऑक्टोबर २०२२ला सुरू झाली. चोवीस तास चालते, पैसे लागत नाहीत, मराठीत बोलता येतं. फोनवरच्या बाई घाईत नव्हत्या. आधी त्यांनी विचारलं, तो आत सुरक्षित आहे का, जवळ काही धोक्याची वस्तू आहे का, जीव देण्याबद्दल याआधी काही बोलला आहे का. मग म्हणाल्या, वजनावर वाद घालू नका, तो वाद तुम्ही जिंकणार नाही. नाडीबद्दल बोला. दाराबाहेर बसा, एकाच माणसाने बोला, आवाज चढवू नका, आणि ‘तुला जायचं आहे का’ असं विचारूच नका. सकाळी आपण जाणार आहोत एवढं सांगा. चक्कर येऊन पडला, छातीत दुखलं तर सकाळपर्यंतही थांबू नका.

हे दाराशी बसले. पहाटे तीनच्या सुमाराला कडी निघाली.

पुण्यात त्याला मुलांच्या वॉर्डात दाखल केलं. मला वाटलं होतं आता भरपूर खायला घालतील, चार दिवसांत रंग परत येईल. उलट पहिल्या दिवशी त्यांनी मोजून थोडंच दिलं. बराच काळ उपाशी असलेल्या शरीरात एकदम अन्न गेलं की रक्तातलं फॉस्फरस, पोटॅशियम, मॅग्नेशियम झपाट्याने खाली येऊ शकतं आणि हृदय बंद पडू शकतं. दुसऱ्या महायुद्धानंतर सुटलेल्या कैद्यांमध्ये डॉक्टरांनी हे पाहिलं होतं. म्हणून रोज रक्त तपासायचं, थायमिन हे जीवनसत्त्व द्यायचं आणि जेवण पायरीपायरीने वाढवायचं. ज्यांचं मूल फारच खालावलं आहे त्यांना मी हे आवर्जून सांगते: घरीच भरवायला सुरुवात करण्याआधी डॉक्टरांना विचारा.

त्याला पलंगावरून उतरायला मनाई होती. बाथरूमला जायचं तर दार पूर्ण लावायचं नाही, कारण तो आत जाऊन उठाबशा काढायचा. वॉर्डातल्या मावशी दाराशी स्टूल टाकून बसायच्या आणि आपल्या गावच्या यात्रेतल्या गोष्टी मोठ्याने सांगत राहायच्या. पाळत ठेवतोय असं त्याला वाटू द्यायचं नाही, ही त्यांची युक्ती. कुठल्या प्रशिक्षणात शिकवत असतील असं वाटत नाही. तो अजून त्यांची आठवण काढतो.

नाडी ठिकाणावर आली आणि डिस्चार्जचं बोलणं सुरू झालं, तेव्हा मला खरी भीती वाटली. हॉस्पिटलात नर्स होत्या, घड्याळ होतं, नियम होते. घरी कोण होतं? एका मानसोपचारतज्ज्ञांनी त्याच्याशी थोडा वेळ बोलून आम्हाला सांगितलं, ‘त्याची स्वतःची इच्छा झाली की घेऊन या.’ पण इच्छाच मारून टाकणारा हा आजार आहे. त्याची तयारी होईपर्यंत वाट बघायची तर त्याचं शरीर तेवढी वाट बघणार होतं का?

दुसऱ्या डॉक्टरांना मी नेमकं हेच विचारलं. त्या किशोरवयीन मुलांच्याच मानसोपचारतज्ज्ञ. म्हणाल्या, ‘हाड मोडलेलं मूल प्लॅस्टरला नको म्हणालं, तर आपण त्याच्या होकारासाठी थांबतो का? अ‍ॅनोरेक्सिया बरा करणारी गोळी नाही. चिंता किंवा नैराश्य सोबत असेल तर त्याला औषध देता येतं, ते मी बघीन. पण पहिलं औषध अन्नच आहे, आणि ते तुम्ही दोघांनी द्यायचं आहे.’ त्यांनी एका मानसतज्ज्ञांचं नाव दिलं. कुटुंबाला बरोबर घेऊन करायच्या उपचाराचं त्यांचं शिक्षण झालेलं होतं. दर आठवड्याला व्हिडिओ कॉलवर, आणि मधूनमधून पुण्याला जाऊन.

आम्ही ‘ईटिंग डिसऑर्डर क्लिनिक’, म्हणजे खाण्याच्या आजारांचा दवाखाना, अशी पाटी शोधत होतो, ती आमच्या वाटेत कुठे आली नाही. जी मदत मिळाली ती तुकड्यातुकड्यांनी जोडलेली: साताऱ्याचे बालरोगतज्ज्ञ नाडी आणि वजन बघणार, पुण्याच्या मानसोपचारतज्ज्ञ औषध बघणार, मानसतज्ज्ञ आम्हा सगळ्यांना शिकवणार. या तिघांनी एकमेकांशी बोलणं सर्वात महत्त्वाचं होतं, आणि ते आपोआप होत नाही. मी तिघांचा एक व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप केला. दर आठवड्याची नाडी, रक्तदाब आणि वजन त्यात जायचं. वजन तो पाठमोरा उभा राहून द्यायचा, त्याला आकडा दिसायचा नाही. मुलासमोर तिघांचं म्हणणं एकच असलं पाहिजे, नाहीतर हा आजार फट शोधतोच.

कुटुंबाला बरोबर घेऊन उपचार करायची ही पद्धत लंडनच्या मॉडस्ली हॉस्पिटलमध्ये १९८०च्या दशकात आकाराला आली. त्याआधी कित्येक वर्षं उलटी समजूत होती, की घरामुळेच मूल आजारी पडतं, म्हणून त्याला घरच्यांपासून लांब ठेवावं. ती आपल्याकडे अजून पूर्ण गेलेली नाही. ‘आई नोकरीला, लक्ष कोण देणार’ हे वाक्य मी दवाखान्याच्या बाकावरही ऐकलं आणि लग्नाच्या पंगतीतही. अकॅडमी फॉर ईटिंग डिसऑर्डर्स या तज्ज्ञांच्या संघटनेने २०१० साली जाहीर भूमिका घेतली, की कुटुंब हे या आजाराचं मूळ कारण मानायला आधार नाही आणि लहान वयातल्या रुग्णांच्या उपचारात कुटुंबाला घेतलं पाहिजे. मानसतज्ज्ञांनी मला हे पहिल्याच भेटीत सांगितलं. मी किती महिन्यांनी मोकळा श्वास घेतला असेन, कुणास ठाऊक.

या उपचाराचे तीन टप्पे असतात. पहिल्यात काय, किती, केव्हा खायचं हे सगळं आईवडील ठरवतात. वजन आणि तब्येत सावरत गेली की दुसऱ्या टप्प्यात एकेक निर्णय मुलाच्या हातात परत जातो. तिसऱ्यात जेवणाचा विषय मागे पडून त्या वयाचे इतर विषय पुढे येतात: मित्र, अभ्यास, पुढचं आयुष्य.

पहिल्याच काही दिवसांत मानसतज्ज्ञांनी आम्हाला पुण्याला बोलावलं आणि येताना दुपारच्या जेवणाचा डबा आणा म्हणाल्या. तो खाईल तेवढा आणायचा नाही, त्याच्या शरीराला लागेल तेवढा आणायचा. मी तूप लावलेल्या पोळ्या, दाण्याचं कूट घातलेली मटकीची उसळ, भात, सायीचं दही आणि अळिवाचा लाडू नेला. छोट्याशा खोलीत टेबलाभोवती आम्ही पाचजण: आम्ही दोघं, मोठी मुलगी, हा, आणि कोपऱ्यात मानसतज्ज्ञ.

त्याने पोळीचे तुकडे करायला घेतले. तुकड्यांचे आणखी तुकडे. मग डावा हात टेबलाखाली गेला. तूप तो अंगठ्याने पुसून डब्याच्या झाकणाच्या आतल्या बाजूला लावत होता. मी बघितलं आणि सवयीने म्हणाले, ‘बाळा, थोडं तरी खा रे, बघ तुझ्या आवडीची उसळ आहे.’ मानसतज्ज्ञ म्हणाल्या, ‘आई, थोडं तरी नाही. सगळं. आणि आवडीबद्दल बोलू नका, आज त्याला काहीच आवडणार नाही.’ मग ह्यांच्याकडे वळून, ‘बाबा, तुमची खुर्ची फार लांब आहे. त्याच्या शेजारी घ्या. दोघांनी दोन बाजूंना बसा. समजावू नका, विनवू नका, पुढचा घास घे एवढंच म्हणा. आणि थांबा.’

ह्यांनी खुर्ची सरकवली. झाकण पुसून घेतलं, नवीन पोळीला तूप लावलं, ताटात ठेवली. ‘घास घे.’ तो म्हणाला, ‘मी तुम्हाला आयुष्यात कधी माफ करणार नाही.’ हे म्हणाले, ‘नको करूस. हा घास घे.’ आवाजात राग नव्हता, लाचारीही नव्हती. इतक्या वर्षांच्या संसारात मी त्यांचा तसा आवाज ऐकला नव्हता. मुलाच्या डोळ्यांतून पाणी येत होतं आणि तो चावत होता. डबा संपायला दोन तासांच्या वर वेळ गेला. लाडू सर्वात शेवटी. माझ्या मुलीला मानसतज्ज्ञांनी सांगितलं होतं, तू पहारेकरी व्हायचं नाहीस, तू त्याची ताईच राहा. जेवण झाल्यावर ती त्याला बाहेर चहाच्या टपरीपर्यंत घेऊन गेली. जेवणाबद्दल एक अक्षर बोलली नाही, क्रिकेटवर बोलत राहिली.

मी एवढे दिवस जी मदत शोधत होते ती ही होती. आजार काय आहे हे सांगणारे बरेच भेटले होते. रात्री साडेआठ वाजता ताट समोर असताना, आणि मूल रडत असताना, मी तोंडाने नेमकं काय म्हणायचं आणि काय म्हणायचं नाही, हे कुणी सांगितलं नव्हतं.

घरी तीन जेवणं आणि तीन वेळा मधलं खाणं सुरू झालं. ताट मी वाढायचं. स्वयंपाकघर त्याला काही महिने बंद. दोघांनी आळीपाळीने रजा घेतली. माझी अर्ध्या पगाराची रजासुद्धा संपली, मग ह्यांनी रात्रपाळी मागून घेतली. भाताखाली लपवलेलं, खिशात घातलेलं, खिडकीतून मांजराला टाकलेलं, सगळं आलं. ताट भिंतीवर गेलं त्या दिवशी मी दुसरं वाढून आणलं. मानसतज्ज्ञ म्हणायच्या, बोलतोय तो आजार, मुलगा त्याच्यामागे आहे. ऐकताना मला ते पटायचं, पण ताटासमोर बसल्यावर रोज नव्याने पटवून घ्यावं लागायचं.

पाककृतींचं वेड काय होतं तेही त्यांनीच उलगडलं. १९४४-४५ साली अमेरिकेत मिनेसोटा विद्यापीठात अ‍ॅन्सेल कीज या शास्त्रज्ञाने ३६ निरोगी तरुणांना, त्यांच्या संमतीने, सहा महिने अर्धपोटी ठेवलं होतं. महायुद्धातल्या भुकेल्या लोकांना पुन्हा कसं सावरायचं हे शोधायला. ते तरुण चिडचिडे झाले, एकलकोंडे झाले, दिवसभर अन्नाचाच विचार करायला लागले, काहीजण तर स्वयंपाकाची पुस्तकं वाचत बसायचे. पुन्हा पोटभर मिळायला लागल्यावरही मन जागेवर यायला बराच वेळ गेला. म्हणजे माझ्या मुलात जे जे परकं दिसत होतं, त्यातलं पुष्कळसं निव्वळ उपासमारीचं होतं. हे ऐकल्यावर सासूबाई पहिल्यांदा रडल्या.

आणि मग त्यांनी जे केलं ते माझ्या डोक्यातही आलं नसतं. उपवास सोडवायचा कसा हा आमच्यापुढचा मोठा प्रश्न होता. देवाचं नाव घेतलं की आम्ही गप्प होतो हे त्या आजाराला पक्कं माहीत होतं. सासूबाई गुरुजींकडे गेल्या. त्यांनी सांगितलं, आजाऱ्याला उपवास नाही, आणि वयात येणाऱ्या लेकराला तर नाहीच. घरी येऊन त्या नातवाला म्हणाल्या, ‘पोरा, तुझे सोमवार आजपासून माझे. तुझ्या नावाने मी धरते. तू जेव.’ त्यांना मधुमेह आहे, त्यांनी उपवास धरणं मला पसंत नव्हतं, डॉक्टरांना विचारून त्यांनी एकवेळ दूध-फळं घेत ते केले. चार वाजताचं खाणं त्यांच्याकडे होतं. खजूर, दाण्याचा लाडू, मोठा कप दूध. त्यांच्यासमोर त्याने कधी लपवलं नाही.

नातेवाइकांसाठी ह्यांनी कुटुंबाच्या ग्रुपवर एक मेसेज टाकला. तो मी जसाच्या तसा देते, कुणाला उपयोगी पडला तर पडेल: ‘आपला मुलगा आजारी आहे, उपचार चालू आहेत. भेटल्यावर त्याच्या अंगकाठीबद्दल काहीही बोलू नये. बारीक दिसतोस, भरलास, छान दिसतोस, यातलं काहीही नको. ताटात काय आहे ते बघू नये. स्वतःच्या डाएटबद्दल त्याच्यासमोर बोलू नये. अभ्यास, सिनेमा, क्रिकेट यावर भरपूर बोलावं.’ एक-दोघांना राग आला. बाकीच्यांनी पाळलं.

पळणं बंद केलं तेव्हा त्याच्या प्रशिक्षकांना ते पटलं नाही. चांगला पळतोय, फॉर्ममध्ये आहे, म्हणाले. तेव्हा आंतरराष्ट्रीय ऑलिम्पिक समितीचं निवेदन कामी आलं. खेळाडूने कष्टांच्या मानाने कमी खाल्लं तर हाडं, संप्रेरकं, हृदय, प्रतिकारशक्ती सगळ्यावर परिणाम होतो, हे समितीने २०१४ साली मांडलं आणि पुढे २०१८ आणि २०२३ला त्यात भर घातली. बालरोगतज्ज्ञांनी ते समोर ठेवून सरांशी बोलणं केलं. नंतर सर स्वतः घरी आले आणि मुलाला म्हणाले, ‘डॉक्टरांनी लेखी दिल्याशिवाय तुला माझ्या मैदानात पाय ठेवता येणार नाही.’ आमच्या शंभर शब्दांपेक्षा त्याला ते लागलं.

खर्चाचंही बोलायला हवं. विमा कंपनीने हॉस्पिटलचा दावा फेटाळला, मानसिक आजार आहे म्हणून. २०१७च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याच्या कलम २१(४)मध्ये स्पष्ट आहे, की शारीरिक आजारांना ज्या धर्तीवर विमा मिळतो त्याच धर्तीवर मानसिक आजारांनाही मिळाला पाहिजे. विमा नियामक प्राधिकरणाने २०१८ साली कंपन्यांना तसं कळवलेलंही आहे. पतसंस्थेत कागदपत्रांचंच काम असल्यामुळे मी हे सगळं लिहून तक्रार केली, डिस्चार्ज कार्डावरची नाडीची आणि ईसीजीची नोंद जोडली. वेळ लागला, पण बराचसा भाग मिळाला. बाहेरच्या भेटींचे पैसे मात्र खिशातून. ज्यांना तेही जमणार नाही त्यांनी सरकारी मेडिकल कॉलेजच्या मानसोपचार विभागात आणि बालरोग विभागात जावं, केसपेपरवर ‘अन्न घेत नाही, वजन उतरलं, नाडी हळू’ असं ठळक लिहून घ्यावं.

वर्षभराने दुसरा टप्पा आला. बारावी त्याने एक वर्ष उशिरा दिली. परीक्षेच्या आधी पुन्हा घसरण झाली, पुन्हा ताट आमच्या हातात आलं, पण या वेळी तो स्वतः म्हणाला, ‘आई, काही दिवस तूच वाढ.’ आता तो पुण्यात होस्टेलला आहे. मेसमध्ये जेवतो, महिन्यातून एकदा बालरोगतज्ज्ञांच्याच ओळखीच्या डॉक्टरांकडे नाडी दाखवतो. पळतो, पण घड्याळ न लावता. गणपतीत घरी आला तेव्हा उकडीचे मोदक खाल्ले, तूप घालून. किती ते मी मोजलं नाही.

माझी नणंद इंग्लंडमध्ये असते. तिकडे २०१५ साली सरकारी आरोग्यसेवेसाठी नियम झाला, की अशा मुलाची तातडीची केस असेल तर आठवड्याच्या आत आणि एरवी चार आठवड्यांत उपचार सुरू व्हायला हवेत. तिथेही रांगा लागतात, असं ती सांगते. पण आईला बोट दाखवायला नियम तरी आहे. तिनेच मला फीस्ट या पालकांच्या जागतिक संघटनेची माहिती दिली. एका आईने २००७ साली सुरू केलेली. त्यांचं साहित्य मोफत आहे, मला फार आधार झाला. पण ते इंग्रजीत आहे आणि त्यातलं ताट आपलं नाही. संकष्टीचं काय करायचं, पंगतीत आग्रह होतो तेव्हा काय बोलायचं, एकत्र कुटुंबात सासऱ्यांसमोर मुलाला ताटावर बसवून कसं ठेवायचं, हे तिथे कोण सांगणार?

म्हणून आम्ही काहीजणांनी ठरवलं आहे. उपचारांच्या निमित्ताने ओळख झालेल्या कऱ्हाडच्या आणि फलटणच्या दोन आया आहेत, वाईचे एक वडील आहेत. दिवाळीनंतर दर महिन्याच्या दुसऱ्या रविवारी साताऱ्यात पालकांनी जमायचं. बालरोगतज्ज्ञांनी त्यांच्या दवाखान्याची वरची खोली दिली आहे, आमच्या मानसतज्ज्ञ पहिला तास व्हिडिओवर असतील. मुलांना आणायचं नाही. फी नाही. आजी-आजोबांनी जरूर यावं, त्यांच्यासाठी वेगळा अर्धा तास ठेवला आहे, आणि तो सासूबाई घेणार आहेत.